फुकट वॉर्डातली चादर

सरांनी माझ्या आईच्या पोटावरची चादर काढली आणि मला म्हणाले, "तुझीच आई ना? मग तूच सांग. हे टाके कुठल्या ऑपरेशनचे?"

बेळगावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचा फुकट वॉर्ड. खाटेभोवती आमचा सगळा वर्ग. मधे माझी आई, लुगडं वर सारलेली, बेंबीखाली काळ्या दोऱ्याचे टाके. निपाणीच्या तंबाखू वखारीत तिचा जन्म गेला. खोकतानाही तोंडावर पदर धरणारी बाई. तिनं डोळे गच्च मिटले होते. सकाळी मला तिला पेज पाजताना सरांनी पाहिलं होतं, म्हणून हा मान माझा.

आम्ही याच हॉस्पिटलात रेकॉर्ड ऑफिसचा कोर्स करत होतो. डॉक्टरांनी लिहिलेलं ऑपरेशनचं नाव वाचायचं आणि फायलीवर त्याचा ठरलेला आकडा घालायचा. नावं लांबलचक, पण फोडली की सोपी. शेवटी 'एक्टमी' आलं की काढून टाकलं. 'ऑटमी' आलं की चिरलं. 'ऑस्टमी' आलं की शरीराला नवं तोंड ठेवलं. मला ते शब्द फार आवडायचे. आमच्या बौद्धवाड्यात ते पहिल्यांदा माझ्याच तोंडून ऐकू आले होते.

काम सगळं कागदाचं. पेशंट उघडा करायचं काही कारणच नव्हतं. पण सर म्हणायचे, डोळ्यांनी पाहिलेला शब्द विसरत नाही. आणि पाहायला न्यायचे ते नेहमी फुकट वॉर्डात. वरच्या मजल्यावर स्पेशल खोल्या होत्या, त्यांना दारं होती, पडदे होते. तिथल्या पोटांवरून आम्हाला कधी काही शिकवलं नाही.

मी म्हणाले, "सर, चादर घाला."

"आधी उत्तर."

"आई आहे माझी."

"तुमच्या लोकांत कधीपासून आली एवढी लाज? फी माफ, ऑपरेशन माफ, वर पडदाही पाहिजे?"

मागं कुणीतरी हसलं. बाहेर पडावं तर कोर्स जाणार. भांडावं तर आईचे टाके अजून याच लोकांच्या हातून निघायचे होते. वॉर्डातली आयाबाई कानाशी पुटपुटली, "सुम्निर." गप्प राहा. बाई मनानं चांगली होती. पण कानडीत काय, मराठीत काय, जन्मल्यापासून मी हेच ऐकत आले होते.

तेवढ्यात पलीकडच्या पोरानं सरांच्या हातातल्या आईच्या फायलीत डोकावून उत्तर दिलं. "हिस्टरेक्टमी, सर."

"शाब्बास."

आईनं डोळे उघडले. "गाठ काढल्या म्हणालते न्हवं? ह्यो काय म्हणतोय गं?"

मलाही गाठच सांगितली होती. आता वर्गाला ठाऊक झालं, आईला नाही. सर म्हणाले, "तिला काय कळणार? चला पुढच्या खाटेकडं."

मी चादर ओढून आईच्या गळ्यापर्यंत घातली. तिच्या कानाशी वाकले नाही. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले.

"आये, तुझी पिशवी काढल्या. गर्भाची."

ती सरांकडं बघून म्हणाली, "मला इचारलं का न्हाय? अंगठा घेतलासा, तवा सांगायचं न्हाय व्हय?"

सर पुढच्या खाटेपाशी पोचले होते. तिथली म्हातारी दोन्ही मुठींत चादर धरून पडली होती. मी जाऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"हिची चादर निघणार नाही, सर."

"कोर्समधून नाव कमी करीन."

"करा."

मी खाटेची कड धरून तिथंच उभी राहिले.

उद्या मी वर्गात येणार. पहिल्या बाकावर बसणार. उठवायचं असेल तर, सर, सगळ्यांसमोर दंड धरून उठवा. ते सगळे शब्द मी शिकणार, एकही सोडणार नाही, आणि ज्या बाईच्या अंगावर तो शब्द चालवलाय तिला आधी सांगणार. तिच्या बोलीत, अंगावर चादर असताना.

आईनं विचारलेल्याला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही. ते घेतल्याशिवाय मी हे हॉस्पिटल सोडणार नाही.