लेकीचा रिपोर्ट

विद्यापीठाच्या नामांतरानंतरची ती वर्षं. मी चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. एकदा पैठणच्या एसटीत शेजारी एक बाई बसली, मांडीवर दीड वर्षाची लेक. बाई एकटीच हसत होती आणि एक कागद सारखा उघडून बघत होती.

"ताई, एवढं वाचा बरं."

सरकारी दवाखान्यातला, लेकीचा एचआयव्हीचा रिपोर्ट होता. "निगेटिव्ह," मी म्हणाले.

"म्हंजी नाय ना? पुन्यांदा म्हणा!"

मी तीनदा म्हणाले. दरवेळी ती टाळी वाजवायची, आणि तिचं बघून लेकही.

"मला हाय," ती बिनधास्त म्हणाली. "पर हिला नाय!"

माझं अंग नकळत खिडकीकडं सरकलं. तेवढ्यात लेकीनं माझी वेणी ओढली आणि मलाही हसू फुटलं. मी तिला मांडीवर घेतलं.

बाईनं पिशवीतून नवा फ्रॉक काढून, लेकीला खाली उभं करून घातला. त्यात पाय अडकून ती धपकन बसली, तसा कंडक्टरही खो खो हसला.

"लई मोठा झाला की," मी म्हणाले.

"मोठाच मागितला, ताई. आजवर मोठा घ्यायची छातीच झाली नव्हती."