बाकावरून दिसणारी पाटी

आमचं टीव्हीचं दुकान हिंगणघाटला, बाजारातून स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. सासऱ्यांनी ते रेडिओच्या दुरुस्तीवर सुरू केलं. रंगीत टीव्ही खपायला लागले तेव्हा दुरुस्ती बंद करून विक्री धरली, आणि त्यानंतर फार वर्षं ते जगले नाहीत. ते गेल्यावर खरेदी सासूबाईंच्या हातात आली.

नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे टीव्ही ओळीने सुरू करून ठेवलेले असत. सासूबाई त्यांच्यासमोरून एकदा चालत जायच्या आणि बोट दाखवायच्या. हा, तो, पलीकडचा नाही. कडेला वाकलेली रेघ, पांढऱ्यात शिरलेला निळा, माणसाच्या तोंडावरचा लाल रंग, सगळं त्यांना चालता चालता दिसायचं. त्यांनी निवडलेला टीव्ही सहसा परत आला नाही, हे मी नाकारणार नाही. दुकानात बसून त्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "माही नजर आजवर एकदाच चुकली," आणि माझ्याकडे बघायच्या. लग्नाआधी मला बघायला त्याच आल्या होत्या. गिऱ्हाईक हसायचं, नवराही हसायचा. मी खोक्याला सुतळी बांधत राहायचे.

मला खरेदी हवी होती. झाडण्यापासून गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन चॅनेल लावून देण्यापर्यंत दुकानातलं सगळं मी करत होते, पण दुकानात काय यायचं ते ठरवायला मला कोणी विचारत नव्हतं. एकदा विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, गिरणीवाल्याच्या पोरीला माल काय समजतो. माझे वडील गिरणीत विणकाम खात्यात होते. गिरणीचे वाईट दिवस सुरू झाल्यापासून हा टोमणा मी बराच खाल्ला.

दोन हजार सात-आठच्या सुमारास भिंतीवरचे पातळ टीव्ही आमच्याकडे यायला लागले. खोक्यांवर दोन शब्द असत. काहींवर एचडी रेडी, काहींवर फुल एचडी. भावात बरंच अंतर. कंपनीचा एजंट आला तेव्हा मी त्याला बसवून विचारलं. तो म्हणाला, चित्र ठिपक्यांचं असतं. एचडी रेडीत आडवे तेराशे सहासष्ट आणि उभे सातशे अडुसष्ट ठिपके, फुल एचडीत आडवे एकोणीसशे वीस आणि उभे एक हजार ऐंशी. गुणाकार केला तर एकात दहा लाखांच्या थोडे वर, दुसऱ्यात त्याच्या जवळजवळ दुप्पट. मला लगेच कळलं. वडील कापड हातात घेतलं की पन्हा नंतर बघायचे, आधी इंचात धागे किती ते बघायचे. पन्हा तोच असला तरी एक मांजरपाट निघतं आणि एक मलमल.

सासूबाईंना हे पटलं नाही. एजंटने चाळीस इंची दोन टीव्ही शेजारी शेजारी लावून दाखवले, तरी त्या म्हणाल्या, "दोन्ही सारखेच हाय. डब्बा तोच अन् भाव वाढवून राह्यले." त्यांनी सगळा माल एचडी रेडीच आणला. त्याच महिन्यात हायवेकडे नवीन शोरूम उघडलं आणि त्याच्या काचेवर फुल एचडी असं मोठ्या अक्षरात लिहिलं. आमची जुनी गिऱ्हाइकं तिकडे फक्त बघायला म्हणून जायची आणि तिकडचीच व्हायची.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, आईची नजर आहे, तिला फरक दिसत नाही म्हणजे नसेलच. मलाही काही दिवस वाटलं की त्यांचं खरं असेल. कारण केबल लावली की दोन्ही टीव्ही खरंच सारखे दिसत. सारखे वाईट. केबलवाल्याकडून येणारं चित्रच कमी ठिपक्यांचं, ते मोठ्या पडद्यावर ताणलं की माणसांची नाकं वितळल्यासारखी दिसायची. जाड सुताचं कापड कितीही चांगल्या मापाने शिवलं तरी जाडच.

म्हणून मी एजंटकडून जास्त ठिपक्यांचं चित्र देणारा ब्लू-रे प्लेअर आणि दाखवायची डिस्क मागून घेतली. एकाच प्लेअरवरून दोन्ही टीव्हींना चित्र दिलं. डिस्कमध्ये एका बाजाराचं दृश्य होतं. साडीच्या दुकानाची पाटी, 'चंद्रिका साडी केंद्र', आणि तिच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ, 'यहाँ पुरानी ज़री खरीदी जाती है'. गिऱ्हाइकाच्या बाकावरून फुल एचडीवर दोन्ही ओळी वाचता यायच्या. एचडी रेडीवर वरची ओळ यायची, खालची जागा मुंग्या लागल्यासारखी दिसायची. मी गिऱ्हाइकाला बाकावर बसवून वाचायला लावायचे. भाषण द्यावं लागत नसे.

आठ दिवसांत ही युक्ती सासूबाईंनी उचलली, आणि उलटी वापरली. एचडी रेडीकडे बोट दाखवून त्या दोन्ही ओळी खणखणीत म्हणायच्या आणि गिऱ्हाइकाला विचारायच्या, दिसली की नाही. एक पेन्शनर गृहस्थ डोळे बारीक करून म्हणाले, खालचं नाही दिसत बाई. सासूबाई म्हणाल्या, "मंग डोयाचा डॉक्टर पाहा भाऊ. टीव्ही काय करन." गृहस्थ ओशाळले आणि तोच टीव्ही घेऊन गेले.

मी टीव्हीला टेकून उभी होते. पडद्यापासून एक हातावर. खालची ओळ मलाही वाचता येत नव्हती. कोणालाच आली नसती. ती तिथे नव्हतीच, तेवढे ठिपकेच त्या टीव्हीत नव्हते. आणि सासूबाईंनी ती बाकावरून वाचली होती.

म्हणजे त्या वाचत नव्हत्या.

घरी मी लक्ष ठेवलं. तांदूळ निवडताना त्या बघत नव्हत्या, बोटांनी चाचपत होत्या. दारात कोण आलं ते आवाजावरून सांगत होत्या. नागपूरला टीव्हींच्या ओळीसमोरून अजूनही तशाच चालत जात होत्या आणि बोट दाखवत होत्या. हे नवऱ्याला एकांतात सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर त्याने आईला विचारलं असतं, आईने मला चार शिव्या दिल्या असत्या, आणि पुढच्या खरेदीलाही त्याच गेल्या असत्या. मला ते नको होतं.

दिवाळीच्या खरेदीआधी एजंटने दुसरी डिस्क दिली. तिच्यात डोंगर, नदी, पक्षी. अक्षर एकही नव्हतं. ती लावून मी थांबले. आवाज बंद ठेवला, कारण आवाजावरून त्यांना कळलं असतं. दुपारी अल्लीपूरचे एक शेतकरी बायकोला घेऊन आले. सोयाबीन विकलं होतं, टीव्ही मोठा पाहिजे होता. नवरा दुकानात होता, एजंटही होता. मी म्हणाले, "आई, यांना जरा पाटी वाचून दाखवा ना."

सासूबाईंनी पदर सारखा केला. "हे पाहा भाऊ. 'चंद्रिका साडी केंद्र'. अन् त्याच्या खाली, 'यहाँ पुरानी ज़री खरीदी जाती है'. दिसलं का?"

शेतकऱ्याची बायको हळूच म्हणाली, "आजी, तो तं बगया हाय."

पडद्यावर पाण्यात एका पायावर बगळा उभा होता.

एजंट हसला आणि त्याने खोकल्यासारखं केलं. नवरा आईच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की एका मिनिटात त्याला सगळं कळलं. सासूबाईंनाही कळलं. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं नाही, माझा आवाज जिथून आला होता तिकडे तोंड केलं.

"डिस्क कोणं बदलली?"

"मी."

"कवा?"

"सकाळीच."

त्या उठल्या, भिंतीला हात लावत जिन्याने वर घरात गेल्या. अल्लीपूरवाल्यांनी फुल एचडी घेतला.

डॉक्टरने मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांना, पिकलेला. नवरा म्हणाला, लगेच करून टाकू. मी म्हणाले, दिवाळीनंतर. धूळ नको, ऊन नको, औषध घालायला दिवसभर माणूस पाहिजे, सणाच्या गर्दीत कोण बसणार. यातलं काही खोटं नव्हतं. नागपूरला त्या वर्षी मी गेले. जाऊबाईंनी नातेवाइकांत सांगितलं की मी सासूला आंधळी ठेवून खरेदी केली. सांगू दे. त्या दिवाळीत आमचं दुकान चाललं.

सगळाच माल मी फुल एचडी आणला नाही, तेवढी अक्कल होती. गिऱ्हाइकाला आधी विचारायचे, पलंगापासून भिंत किती लांब. दहा फुटांवर बत्तीस इंची लावणार असेल तर त्याला एचडी रेडीच द्यायचे, कारण तेवढ्या लांबून जादा ठिपके डोळ्याला पोचत नाहीत. चाळीसच्या वरचा टीव्ही लहान खोलीत हवा असेल तर फुल एचडी. आणि केबल आहे की डिश, ते दोघांनाही विचारायचे.

वर्ध्याला ऑपरेशनं झाली. आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. काळा चष्मा उतरला त्या आठवड्यात सासूबाई दुकानात आल्या आणि बाकावर बसल्या. समोर जुनी डिस्क चालू होती. त्यांनी एचडी रेडीवर एक ओळ वाचली आणि थांबल्या. फुल एचडीवर दोन्ही वाचल्या. "फरक हाय," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या आणि दारातल्या उजेडात मला बराच वेळ बघितलं. कपाळ, केस, हात.

"मी म्हणे नजर एकदाच चुकली," त्या म्हणाल्या. "तवापासूनच मोतीबिंदू असन मले."

दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही हसली. मी त्यांना पावती करून दिली.

त्यांनी नागपूरचं नाव काढलं नाही. रोज यायच्या, बाकावर बसायच्या, पडदा बघायच्या. मला वाटलं, उतारवयात दिसायला लागलंय, बघू दे. पुढच्या खेपेची यादी घ्यायला एजंट आला तेव्हा हायवेकडच्या एका डॉक्टरीणबाई दुकानात होत्या. मी आणलेल्यातला सगळ्यात मोठा टीव्ही त्यांना दाखवत होते. त्यांनी हो म्हटलं, पर्समध्ये हात घातला, आणि सासूबाई बाकावरून बोलल्या.

"उजव्या कोपऱ्यात, वर, काया ठिपका हाय. चित्र हालते, तो हालत नाई. तुले दिसत नाई का वं?"

मला दिसत नव्हता. जवळ गेले, तरी दिसेना. जरा मागे सरून डोळे बारीक केले तेव्हा दिसला. वीस लाखांतला एक ठिपका मेलेला. डॉक्टरीणबाईंनाही दिसला, आणि एकदा दिसल्यावर त्यांना दुसरं काही दिसेना. एजंट म्हणाला, एका ठिपक्यासाठी कंपनी बदलून देत नाही, खरेदीच्या वेळी बघून घ्यायचं असतं.

"जवळचं दिसत नाई तिले आता," सासूबाई डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, मी तिथे नसल्यासारखं. "चाळिशी लागली. सांगत नाई कोणाले."

तो ठिपका त्यांना त्या दिवशी दिसला नव्हता. टीव्ही तीन आठवडे तिथेच चालू होता आणि त्या रोज त्याच्यासमोर बसत होत्या. त्या थांबल्या होत्या, एजंट आणि चांगलं गिऱ्हाईक एका वेळी दुकानात येईपर्यंत. मी ओळखलं. या कामात आवाज बंद ठेवायचा असतो.

नवऱ्याने रात्री जेवताना नागपूरचा विषय काढला आणि ताटाकडे बघत म्हणाला की आईला बरं वाटत असेल तर तिलाच जाऊ द्यावं. सासूबाई म्हणाल्या, "तिलेई घ्या. आकडे वाचाले पाह्यजे कोणी. ते इंग्रजीत रायते."

सकाळी मी खाली आले तेव्हा त्या गाडीत पुढच्या सीटवर बसलेल्या होत्या, पिशवी मांडीवर. मी मागे बसले, रिकाम्या पोत्यांशेजारी. जाम फाटा मागे पडला. मग त्या मागे न वळता म्हणाल्या,

"चष्मा घेतला का वं?"

"घेतला," मी म्हणाले.