भूगोलाचे सर आणि त्यांच्या पाच संकल्पना

भूगोलाच्या सरांना साधी भाकरी खाता येत नसे. दात धड होते, भूकही होती. पण ताट समोर आलं की ते आधी त्यातली संकल्पना शोधायचे. "वहिनी, ही नुसती भाकरी नाही. हे परस्परावलंबन आहे. जोंधळा रानातला, पीठ गिरणीतलं, तवा बाजारातला." आमचे हे फौजेतून आलेले, जेवताना बोललेलं त्यांना खपत नाही. ते म्हणायचे, "सर, ते अवलंबन मागनं बघा. गार व्हतीय."

सर मूळचे साताऱ्याकडचे, वाईजवळचे. त्यांच्या मिसेस मिरजेला दवाखान्यात नर्स. कुंडलच्या अलीकडच्या आमच्या गावात त्यांची नेमणूक झाली तेव्हा आमची रस्त्याकडची खोली त्यांनी भाड्यानं घेतली. सोमवारी यायचे, शनिवारी शाळा सुटली की मिरजेची एसटी धरायचे. जेवण आमच्यातच.

पहिल्याच वर्षी ते पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले आणि पाच संकल्पना घेऊन आले. स्थान, अंतर, परस्परावलंबन, बदल आणि प्रादेशिक विषमता. दिवसाला एक पडली असावी. नदी असो की वारा, भूगोलाचा कुठलाही पाठ या पाचांवर बसवूनच शिकवायचा, असा वरचा हुकूम होता. सरांनी तो फारच मनावर घेतला. पाठाचं टाचण काढायच्या वहीत त्यांनी पाच रंगांचे पाच रकाने आखले आणि एकही कधी रिकामा ठेवला नाही. वाऱ्याच्या पाठात परस्परावलंबन कोंबताना त्यांना मी घामाघूम झालेलं पाहिलं आहे.

टाचण तयार झालं की संध्याकाळी ते मला वाचून दाखवायचे. मी आत भाकऱ्या थापत, ते उंबऱ्याबाहेर पाटावर. "तुमची शाळा चौथीपर्यंत ना? मग तुम्हाला कळलं की सातवीला कळलंच." वाचून झालं की चष्म्यावरून बघायचे. "कळलं?"

मी म्हणायची, "व्हय, कळलं."

कळायचं काहीच नाही. पण एवढा शिकलेला माणूस घसा कोरडा करून वाचतो, त्याला नाही कसं म्हणायचं? आणि म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून वाचतील, ही भीती वेगळीच. माझं "कळलं" ऐकलं की सर पानाखाली तारीख घालून सही करायचे. दुसऱ्या दिवशी तेच वर्गात. पोरंही माझ्यासारखीच मान हलवायची. तपासणीला येणाऱ्या साहेबांना रकाने भरलेले दिसले की तेही मान हलवायचे आणि "उत्तम" असा शेरा मारून जायचे. दोन वर्षं आम्ही सगळ्यांनी मिळून अशी मान हलवली.

तिसऱ्या वर्षी सरांचा नमुना पाठ ठरला. तालुक्याचे साहेब बघायला येणार, आणि पाठ आवडला तर सरांना तालुक्याचे तज्ज्ञ नेमणार. तज्ज्ञांची बदली लवकर होत नाही, असं शाळेत म्हणत. सरांचं सगळं लक्ष त्यावर. "वहिनी, इथून मिरज एका एसटीवर आहे. लांब फेकलं तर मिसेसची गाठ महिन्यानं पडायची." पाठ पावसाचा होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी आठ पानं वाचली आणि विचारलं, "कळलं?"

"व्हय" अगदी ओठावर आलं होतं. पण मिरजेची ती एसटी माझ्या डोक्यातून जाईना. उद्या साहेबांपुढं पोरं मुकी बसली तर? मी तव्याकडं बघत म्हटलं, "न्हाई कळलं."

सरांनी चष्मा काढला. "कुठलं पान?"

"समदीच."

"आणि आजवरची?"

"ती बी न्हाई."

बाहेरून हे म्हणाले, "आवं सर, कुणाला कळावं म्हणून वाचता व्हय तुमी? मला वाटलं, पोथीचं पारायण लावलंय."

सरांनी वही मिटली. आता उठून जातील, असं मला वाटलं. मग म्हणाले, "बरं. पावसाचं तुम्हाला काय जाणून घ्यायचंय?"

असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "माझी बहीण जतकडं दिलीया. जिल्हा एकच. आमच्यात माणसं उसाला पाणी सोडून घरी येत्यात, आन् ती उन्हाळ्यात टँकरमागं घागर घिऊन पळती. आसं का?"

"यालाच प्रादेशिक विषमता..."

"नाव ऱ्हाऊ द्या सर. आसं का, ते सांगा."

सरांनी आठही पानं फाडली. नव्या पानावर एकच रकाना आखला.

पुढचं मला शेजारच्या सातवीतल्या पोरीनं सांगितलं. सरांनी फळ्यावर माझा प्रश्न लिहिला आणि खडू ठेवून दिला. ढग डोंगराला अडतात इथपर्यंत पोरं पटकन आली. मग जतचं पाणी कुणी अडवलं यावरून वर्गात अशी भांडणं लागली की घंटा झाली तरी कुणी उठेना. साहेबांनी शेरा लिहिला, "वर्गात गोंधळ. चार संकल्पनांचा उल्लेख नाही." तज्ज्ञ म्हणून दुसऱ्या गावचे एक मास्तर नेमले. त्यांचे रकाने छापील होते.

उन्हाळ्यात सरांची बदली झाली. शिराळ्याच्या डोंगरात, पार चांदोलीकडं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी दाराआडून म्हटलं, "माझ्यामुळं झालं, सर."

ते हसले. "दोन वर्षं तुम्ही खोटं बोललात, मला उत्तम मिळालं. एकदाच खरं बोललात, बदली झाली." टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. "पण वहिनी, घंटा होऊनही पोरं उठली नाहीत. आता ते मी कुठल्या रकान्यात घालू?"

जूनमध्ये नवे मास्तर आले. पंधरा दिवसांतच हेडमास्तर आमच्या ह्यांच्यापुढं येऊन बसले. "तुमचा भाडेकरू पोरं बिघडवून गेला बघा! नवीन मास्तर दोन ओळी वाचतोय तोवर कुणीतरी हात वर करतंयच. पाठ पुढं सरकंना झालाय. आता ह्या पोरांना गप कसं करायचं?"

मी चहा घेऊन बाहेर आले होते. परक्या माणसापुढं मी बोलत नाही. त्या दिवशी कप त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हटलं, "करू नका."