साडूंचं पीक

आमच्या साडूंइतका कशावरच समाधान न मानणारा आणि तरीही इतका आनंदात राहणारा माणूस ऐरोलीपासून उरणपर्यंत दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे, मूळचे साताऱ्याकडचे, आणि उभी हयात त्यांनी वाशीच्या दाणा मार्केटात मापाडी म्हणून काढलेली. पोतं काट्यावर चढवायचं, काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरायचा आणि मग खणखणीत आवाजात वजन पुकारायचं, हे त्यांनी इतकी वर्षं केलं की निवृत्तीनंतरही ती सवय हातातून गेली नाही. आमच्या घरी पोह्यांची बशी पुढे आली की ते ती तळहातावर जराशी झेलून म्हणत, "गेल्या खेपेपरास कमी हाईत." आणि ते खरं असे, कारण त्यांच्या वाटचे थोडे पोहे मी बशी पुढे यायच्या आधीच खाऊन ठेवलेले असत.

तरुणपणी तुर्भ्याला खोली घेऊन राहत असताना शेजारच्या एका वयस्क वादकाकडून ते मँडोलिन शिकले होते. मांडीवर तान्हं मूल घ्यावं तसं ते आठ तारांचं वाद्य घेऊन बसत आणि वाजवत फार गोड. एवढ्यावर भागलं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. पण मँडोलिन नुसत्या बोटांनी वाजत नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एक चपटा, तिकोनी तुकडा धरून त्याने तारा छेडायच्या असतात. त्या तुकड्याला वाजवणारे लोक पिक म्हणतात. साडूंचं निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य त्या रुपयाएवढ्या तुकड्यावर येऊन उभं राहिलं होतं. मला हा शब्द माहीत नव्हता. पहिल्यांदा त्यांचा फोन आला, "साडू, नवं पिक आलंय, येत्या रविवारी घेऊन येतो," तेव्हा माणूस दाणा मार्केटातला, म्हणून मी घरातलं गव्हाचं पिंप रिकामं करवून, धुऊन उन्हात ठेवलं होतं. साडू आले आणि शर्टाच्या खिशातून एक प्लास्टिकचा तुकडा काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. बायकोने पिंपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही. ती अशा वेळी काही बोलत नाही, हा तिचा मोठेपणा, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

दुकानात मिळणारी सगळी पिकं साडूंनी आणून पाहिली होती. पातळ, जाड, टोकदार, गोल टोकाची, कासवाच्या पाठीसारखी दिसणारी. एकही त्यांच्या मनाला येईना. मग ते स्वतःच करायला लागले. नारळाच्या करवंटीचं केलं, म्हशीच्या शिंगाचं केलं, श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाचं केलं, माझ्या मेव्हणीच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, कंगव्याचं केलं आणि तिच्याच नखं घासायच्या कानशीने ते घासलं. ही सारी पिकं ते औषधांच्या डबीत ठेवत, सोमवार ते रविवार असे सात खण असलेल्या. एकदा बोलता बोलता त्यांनी गुरुवारच्या खणातलं पिक तोंडात टाकून वर पाणी पिण्याची तयारी केली. मेव्हणी ओरडली तेव्हा ते शांतपणे पिक दातांत धरून म्हणाले, "थांब, ह्याचा कडकपणा बगतोय."

एकदा ते माझ्याकडे आले तेव्हा मी न्हाणीघरात होतो. बाहेरून त्यांनी विचारलं, "साडू, जुनं कार्ड हाय का बँकेचं, मुदत संपलेलं?" मी आतूनच सांगितलं, टीपॉयवर आहे, घ्या. टीपॉयवर दोन कार्डं होती. मी डोकं पुसत बाहेर आलो तेव्हा बँकेचं कार्ड जागच्या जागी होतं आणि माझ्या बेलापूरच्या सरकारी कचेरीचं ओळखपत्र कात्रीखालून गेलेलं होतं. "तीन निघाली बगा," साडू खुशीत म्हणाले, "आन् एकावर तुमचा आर्धा डोळा आलाय." सोमवारी कचेरीच्या दारातल्या वॉचमनने मला अर्धा तास बाहेर उभं केलं. आत गेल्यावर कळलं की तेवढ्या वेळात माझी आठवण कोणालाच झाली नव्हती.

आता माझ्या कर्तबगारीकडे येतो. साडूंना पिकांची तुलना करायला कान लागत, आणि ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. दर रविवारी सकाळी ते कोपरखैरण्याहून बसने नेरूळला आमच्याकडे येत, मला सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून बसवत आणि पाठीमागे एकच सुरावट वेगवेगळ्या पिकांनी वाजवून विचारत, "ह्यो कसा? आन् ह्यो?" मला पहिल्या दिवसापासून कशातही काही फरक कळला नाही. मला भैरवी आणि शाळेची घंटा यांतला फरक कळतो, कारण घंटेनंतर घरी जाता येतं. पण हे कबूल करायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. उलट दर आठवड्याला वाट पाहून कोणीतरी आपल्याला जाणकार समजतं, याची मला चटक लागली. कचेरीत गेल्या वीस वर्षांत माझं मत कोणी विचारलेलं नव्हतं. म्हणून मी डोळे मिटून म्हणायचो, "हा जरा ओलसर आहे." "ह्यात गाभा आहे, पण कड नाही." एकदा तर मी म्हणालो, "हा आवाज उंबऱ्यापर्यंत येतो, आत येत नाही." साडू ते सगळं मनावर घेत. मात्र ते पुन्हापुन्हा एकच गोष्ट विचारत, "तारेवर आपटल्याची टिकटिक येती का हो? तेवडं नीट सांगा." मी म्हणायचो, छे, अजिबात नाही.

अर्ध्या डोळ्याच्या पिकाला मी सगळ्यांत वरचा नंबर दिला. त्याचं कारण आवाजाशी संबंधित नव्हतं हे सांगायला नकोच. स्वतःच्या चेहऱ्याचा एवढा चांगला उपयोग मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

आमच्या सेक्टरातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या वार्षिक संमेलनात साडूंचं अर्ध्या तासाचं मँडोलिनवादन मीच ठरवून आणलं. चार लोकांसमोर ते पहिल्यांदाच वाजवणार होते. नवा सदरा शिवला, मेव्हणीला घेऊन रिक्षाने आले, आणि माझ्या शब्दावर विसंबून अर्ध्या डोळ्याचं पिक काढून बसले. समोर माइक होता. पहिल्याच ओळीला सुरांच्या आधी टकटक, टकटक असा आवाज सभागृहभर उमटायला लागला, टाइपरायटरवर कोणी घाईने अर्ज लिहीत असावं तसा. माइकमुळे तो इतका मोठा झाला होता की मलासुद्धा ऐकू आला. पुढच्या रांगेतल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "वाजवतोय गोड हो, पण पंखा कशाला तरी लागतोय." एका कार्यकर्त्याने उठून पंखा बंद केला. टकटक थांबेना, म्हणून दुसराही केला. मे महिना होता. सगळं सभागृह रुमालांनी वारा घेत बसलं आणि साडू डोळे मिटून, मान डोलवत, अगदी तल्लीन होऊन वाजवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या टकटकीची सावलीही नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर त्यांनी आधी माझा हात धरला. "टिकटिक आली का हो?" मी म्हणालो, "कसली टिकटिक? एकदम स्वच्छ."

संध्याकाळी ते आमच्या घरी बाहेरच्या खोलीत बसले असताना मेव्हणीने मला बाल्कनीत बोलावलं. ती म्हणाली, "एक सांगते, त्यांच्याजवळ बोलू नका. दोन-अडीच वर्षं झाली, त्यांना वरचे बारीक आवाज ऐकू येत नाहीत. दारावरची थाप ऐकू येते, पण बेल येत नाही. डॉक्टर म्हणाले, वयाने हे व्हायचंच. ते कुणाला सांगत नाहीत. म्हणून तर तुमच्याकडे येतात. म्हणतात, माझे कान गेले तर गेले, साडूचे हायेत की."

मी बाल्कनीच्या कठड्याला धरून उभा राहिलो. म्हणजे दोन वर्षं दर रविवारी एका खोलीत दोन माणसं गंभीर चेहऱ्याने पिकांची तुलना करत होती, त्यातल्या एकाला फरक ऐकू येत नव्हता आणि दुसऱ्याला ऐकू येऊनही कळत नव्हता. हसू यायला हवं होतं. आलं नाही.

पुढच्या रविवारी मीच कोपरखैरण्याला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. ओलसरही खोटं, गाभाही खोटा, उंबराही खोटा. संमेलनात टकटक आली होती, पंखे त्यामुळेच बंद केले होते, हेही सांगितलं. साडू माझ्याकडे बघत राहिले. काटा हलायचा थांबेपर्यंत बघत तसे.

"म्हंजे तुमास्नी काय बी कळत न्हवतं?"

"नाही."

"मग मी कुणाच्या भरवशावर वाजवत हुतो?"

त्यांनी मला पाणी दिलं, बसपर्यंत सोडायला आले, चौकात पोहोचेपर्यंत पावसाला यंदा उशीर होईल का यावर बोलले. बस हलली तेव्हा त्यांनी हात केला, पण वर नाही, कमरेइतकाच.

त्यानंतर ते आले नाहीत. एक रविवार, दोन रविवार, जून संपला. रविवारची सकाळ एवढी लांब असते हे मला माहीत नव्हतं. शेवटी मी वाशीच्या एका दुकानातून साधं मँडोलिन आणि चार पिकं घेऊन आलो. म्हटलं, आता कान तयार करायचे. प्रामाणिकपणे शिकायचं आणि मग त्यांच्यापुढे जायचं. दहावीच्या पोरासारखा मी रोज कचेरीतून आल्यावर भिंतीकडे तोंड करून बसू लागलो. बायकोला म्हणालो, तू माझ्यामागे एकेका पिकाने तार छेड, मी ओळखतो. तिने कणकेचे हात धुतले, पदराला पुसले आणि छेडलं. मी पहिलं चुकलो, दुसरं चुकलो, तिसरं बरोबर आलं, पण चौथ्यावरून कळलं की तेही चुकून आलं होतं.

"अहो, हे पातळ," ती म्हणाली. "ह्याने आधी टक् होतं आणि मग सूर येतो. आणि हे जाड, गोल टोकाचं. ह्यात टक् नाही, पण सूर जरा झोपल्यासारखा. ऐकू येत नाही का?"

मी वळून बसलो. "तुला कळतं?"

"दोन वर्षं स्वैपाकघरातून ऐकतेय. दाजींचं ते शिंगाचं पिक सगळ्यात छान होतं. तुम्ही त्याला उंबऱ्याबाहेर काढलंत."

"मग बोलली का नाहीस?"

"मला कुणी विचारलं?"

तिने त्याच वेळी फोन लावला. मी शेजारी उभा होतो. "दाजी, सुनंदा बोलतेय. जोरात बोलतेय, ऐकू येतंय ना? रविवारी या. डबी घेऊन या. ह्यांना मी बाजारात पाठवते." पलीकडून ते काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं नाही, पण ती हसली.

ते आले. मला बाजारात पाठवलं नाही, पण सोफाही दिला नाही. तिथे सुनंदा बसली, तोंड भिंतीकडे न करता, सरळ त्यांच्यासमोर. ती माझ्यासारखं काही बोलत नसे. "हे नको, दाजी, नख घासल्यासारखं वाटतं." "हे चालेल." "टोक अजून थोडं गोल करा." दोन रविवारांत शिंगाचं पिक ठरलं. ज्या कामाला मी दोन वर्षं लावली होती ते तिने पोळ्यांच्या आधी उरकलं. साडूंनी बाकीची पिकं सोसायटीतल्या मुलांना कॅरमच्या सोंगट्यांत घालायला देऊन टाकली.

मग यायचं कारण उरलं नव्हतं, तरी ते येत राहिले. दीड वर्ष झालं त्याला. आता कानात यंत्र असतं, पण वाजवताना ते काढून ठेवतात, कारण त्यातून मँडोलिन म्हणजे पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं ऐकू येतं असं ते म्हणतात. बऱ्याचशा सुरावटी ते आठवणीने वाजवतात. माझ्यावरचा त्यांचा राग कधी गेला ते मला कळलं नाही. एकदा पोह्यांची बशी झेलून ते म्हणाले, "साडू, तुमच्या वजनात खोट हाय, मनात न्हाई," आणि मी ते सर्टिफिकेट समजून ठेवलं आहे. शेवटच्या सुरावर त्यांचा हात थांबतो, पण तार अजून थरथरत असते, आणि तो बारीक होत जाणारा आवाज त्यांना आता येत नाही. म्हणून ते सुनंदाकडे बघत राहतात. ती ऐकत असते. तो पार विरून गेला की ती हलकेच मान हलवते, आणि मगच ते पिक खाली ठेवतात. मी चहाची किटली घेऊन दारात उभा असतो. तोवर ओतत नाही. तेवढं आता मला कळतं.