एका पावलाचा दगड

निरोप कचेरीत आला तेव्हा अंकाची शेवटची पाने छपाईला जायची होती. नल्लकुंट्याहून आलेल्या माणसाने दारातूनच सांगितले, "वकीलसाहेब गेले." वामनराव वकिलांशी माझा स्नेह शाळेपासूनचा. निधनाच्या बातमीत कारण एका ओळीत द्यायचे असते, म्हणून 'मधुमेहाने पाय सडून' असे लिहिले. ते खरे होते, पण पुरे नव्हते. उरलेले आता, काही आठवड्यांनी लिहीत आहे.

त्या घरात भाद्रपदातल्या वद्य चतुर्दशीला, म्हणजे शस्त्राने मेलेल्यांच्या दिवशी, वामनरावांचे पणजोबा राघोपंत यांचे श्राद्ध होत असे. राघोपंत इंग्रज अंमलदारांच्या हाताखालच्या, सिकंदराबादेच्या छावणीतल्या एका रिसाल्यात स्वार होते. घराणे तेव्हा जालन्याकडे राहत होते. एका चकमकीत राघोपंतांच्या डाव्या पायाला गोळी लागली, डोलीतून त्यांना दवाखान्याच्या तंबूत नेले आणि पाय कापताना ते मेले, अशी घरातली हकीकत होती. बरोबरच्या एका स्वाराने ती आणली. प्रेत नव्हते, म्हणून दर्भाची प्रतिमा जाळून क्रिया उरकली. तेव्हापासून 'या घराला लोखंड सोसत नाही' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. वामनरावांच्या वडिलांनी पाठीवरचे गळू कापू दिले नाही आणि त्यातच ते गेले. त्यातूनही कोणी वेगळा अर्थ काढला नाही.

गेल्या चतुर्दशीला मी तिथे जेवायला होतो. वामनरावांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता आणि डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय काढायला सांगितले होते. मी विषय काढताच वहिनी वाढता वाढता थांबल्या.

"भाऊजी, आज पान कुणाचं वाढलंय ते बघा, आणि मग बोला."

वामनराव हसले. "ऐका, बातमीदार. घरात निकाल लागलेला आहे. फक्त साक्षीदार एकच, आणि तोही तंबूबाहेरचा!"

पण हसणे वरवरचे होते. त्यांनाही भीती होती. राघोपंत खरोखर करवतीखाली मेले का, एवढे कळले असते तर ते उठून इस्पितळात गेले असते. ते कळेपर्यंत ते जाणार नव्हते, आणि पाय थांबायला तयार नव्हता.

सिकंदराबादेत एक पेन्शनीतले फौजी डॉक्टर राहत. त्यांच्याकडे आम्ही टांग्यातून गेलो. पाय उशीवर ठेवला होता आणि वासाने टांगेवाला तोंड फिरवत होता. डॉक्टरांनी जुन्या तंबूंचे वर्णन केले. गुंगीचे औषध सगळीकडे पोचलेले नव्हते. चार जण जखमीला दाबून धरत, दातांत चामड्याचा पट्टा देत, आणि सर्जन जितका झटपट तितका चांगला समजला जाई. सगळ्यांच्या जखमा पुसायला पाणी एकच, बोळाही तोच.

"म्हणजे मरतच असतील," वामनराव म्हणाले.

"पुष्कळ मरत. पण पाय लगेच काढलेल्यांतले बरेच जगत. विचार करत बसलेले क्वचितच जगत, वकीलसाहेब."

"आमच्या साक्षीदाराने ओरडणं ऐकलं. मग ते एकदम थांबलं."

"बेशुद्ध झाला असेल. ओरडणं थांबलं म्हणजे माणूस मेला, असं कोणी सांगितलं?"

असे पाय गेलेले शिपाई पुष्कळदा छावणीच्या आसपासच, देवळा-दर्ग्यांच्या आधाराने राहत, असेही त्यांनी सांगितले. मग आम्ही ती ठिकाणे पालथी घातली. प्रत्येक फेरीला वामनरावांचा ताप वाढत होता... पुरे करा म्हटले, की ते फक्त टांगेवाल्याला "चलो" म्हणत.

छावणीपलीकडच्या एका मारुतीच्या देवळामागे समाधीचा दगड सापडला. अशा दगडावर दोन पावले कोरतात. इथे उजवे एकच होते. डाव्या बाजूची जागा कोरी ठेवलेली होती. फुले विकणाऱ्या म्हातारीला वामनरावांनी टांग्यातूनच विचारले, कोणाची समाधी?

"राघोबाबा की. जालना तरफ के थे, फौज के. मेरी दादी रोटी देती थी उनको."

"घर को क्यों नै गये?"

"गये थे ना, दरवाजे तक. अंदर उनकाच श्राद्ध चल रा था... वापस आ गये."

वामनरावांनी एकदा त्या कोऱ्या जागेकडे पाहिले. मग म्हणाले, "कोर्टात पहिल्याच पेशीला उडेल हा पुरावा. मला पुरतो."

परतताना नामपल्लीत त्यांनी एका सुताराकडे कुबडीचे माप दिले. घरी वहिनींना सगळे सांगितले. त्यांनी विचारले, "म्हणजे जिवंत माणसाचं श्राद्ध घातलं आपण?"

"बरीच वर्षं."

"मग उद्या सकाळीच इस्पितळात चला."

सकाळी इस्पितळातल्या सर्जनने चादर उचलून पाहिले आणि परत टाकली. काळेपणा मांडीच्या वर चढला होता. कापायला जागा उरली नव्हती. आमच्या शेवटच्या भेटीत वामनराव शुद्धीवर होते. वहिनी पाणी आणायला गेल्यावर हळूच म्हणाले, "राघोपंत नशीबवान. पाय कापू का, असं त्यांना कुणी विचारलंच नाही..."

यापुढे चतुर्दशीचे पान वाढायचे नाही, असे वहिनींनी भटजींना सांगितले आहे. राघोपंतांची खरी तिथी कोणालाच ठाऊक नाही, म्हणून त्यांचे पान आता सर्वपित्री अमावास्येला. वामनरावांची तिथी सर्वांना ठाऊक आहे.

सुताराने कुबडी आणली ती सुतकाचे दिवस संपल्यावर. परत नेतो म्हणाला, वहिनींनी नेऊ दिली नाही. काखेखाली टोचू नये म्हणून वामनरावांच्या जुन्या शेरवानीची गादी त्यांनी इस्पितळातच शिवून ठेवली होती. ती आता कुबडीवर बसवली आहे. दिवाणखान्यात दाराशी, वामनराव ज्यावर पाय ठेवत त्या चौरंगाजवळ कुबडी उभी असते. तिच्या खालच्या टोकाला लोखंडी कडे आहे. गंजू नये म्हणून वहिनी ते रोज पुसतात.