खोटे चार दिवस

आमच्या सासरी बैठकीच्या भिंतीवर एक तलवार टांगलेली होती. आजेसासरे संस्थानच्या फौजेत होते म्हणे. दसऱ्याला तिला हळदकुंकू लागायचं आणि बाकी वर्षभर तिच्यावर धूळ बसायची. पण घरातले पुरुष बोलायचे असे, की जणू कालच मोहिमेवरून परतलेत. प्रत्यक्षात दोघे भाऊ मिलच्या ऑफिसात कारकून होते आणि भोंगा वाजला की डबा काखेत मारून पळायचे. अशा या शूर घराण्यात आम्ही दोघी सुना महिन्याचे चार दिवस मागच्या पडवीत बसायचो. वेगळं घोंगडं, वेगळं ताट आणि लांबून वाढलेलं जेवण.

त्या चार दिवसांवरून घरातलं सगळं सासूबाईंना कळायचं. कोण कधी बसली, कोण बसली नाही, हे त्यांना तोंडपाठ असे. सून बसायची चुकली की त्या लगेच कैरी आणायला सांगत. माझ्या बाबतीत तशी वेळ कधी आलीच नाही. लग्नाला पाच वर्षं झाली होती. मी दर महिन्याला घोंगडं उचललं की त्या असा सुस्कारा टाकायच्या, की शेजारच्या घरात ऐकू जावा. मला त्या सुस्काऱ्याचा राग यायचा, आणि मग पडवीत जाऊन मी स्वतःच रडायचे.

मोठ्या जाऊबाईंना तीन मुलं. दोन मुली आणि नुकताच चालायला लागलेला मुलगा. त्याच्या वेळी त्या जवळजवळ गेल्याच होत्या. रक्त थांबेना. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं की आता पुन्हा नको. भाऊजींनी मान डोलावली आणि घरी येऊन विसरले. जाऊबाई तोंडाच्या तिखट, पण माझ्यावर त्यांची माया फार. मला त्या "धाकटे" म्हणायच्या. सासरी पहिल्या दिवाळीत माझी चकली विरघळली, तेव्हा "तेल वाईट होतं" असं ठोकून सांगणाऱ्या त्याच.

पण पुन्हा होऊ नये असं नुसतं बजावल्याने काही टळत नाही, आणि ते टळलंच नाही.

एका महिन्यात आम्ही दोघी एकदमच बसलो. सासूबाईंना स्वतः चुलीपुढे बसावं लागलं, त्यामुळे वरणात मीठ कमी आणि बोलणं जास्त असा सगळा मामला होता. मला मजा वाटत होती. जाऊबाईंची सोबत, मध्ये गोधडीचं शिवण, आणि काम काहीच नाही. पण पहाटे मागच्या दगडावर मी माझ्या घड्या धुवायला बसले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या रिकाम्या हातांनीच आल्या आहेत. दुसऱ्या पहाटेही तसंच. शिवाय आतून फोडणीचा वास आला की त्या पदर नाकाला लावत होत्या.

"वहिनी, तुम्ही खरंच बसलात का?" मी विचारलं.

"हळू बोल." त्यांनी दाराकडे पाहिलं. "मागच्या महिन्यातही खोटीच बसले होते. बसले नसते तर आई गल्लीभर सांगत सुटल्या असत्या. मग कोण मला सोडणार?"

कोपऱ्यावरच्या खोलीत केरळातली एक नर्स भाड्याने राहायची. तिला सगळे सिस्टर म्हणत. पक्की कॅथलिक, रविवार चुकवायची नाही. जाऊबाईंनी तिलाच गाठलं होतं. नवा कायदा झाल्याचं तिनेच सांगितलं. बाईच्या जिवाला धोका असेल तर मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर राजरोस मोकळं करतात, चोरून दाईकडे जायला नको, आणि बाईची स्वतःची सही पुरते. आमच्या घरात पेपर यायचा, पुरुष तो मोठ्याने वाचायचे, पण ही बातमी कुणी मोठ्याने वाचली नव्हती.

हे सगळं ऐकताना माझ्या मनात एकच गोष्ट चालली होती. मी ती बोलून टाकली.

"वहिनी, मला द्या ना ते."

याचा मला आजही पस्तावा नाही. तहानलेल्या माणसाने पाणी मागितलं, त्यात काय चुकलं? दीर-जावेचं मूल मांडीवर घेणं आमच्यात नवीन नव्हतं. जाऊबाई रात्रभर कुशी बदलत राहिल्या. सकाळी गोधडीतून मान वर न करता म्हणाल्या, "ठेवते. तुझ्यासाठी ठेवते. टाकेन तुझ्या पदरात. पुढे माझं जे व्हायचं ते होईल."

तो एक दिवस मी आई होते. खोटं कशाला सांगू, त्यांचं शेवटचं वाक्य मी ऐकूनही ऐकलं नाही. गायीचं दूध पचेल की बकरीचं लावावं, मुलगी झाली तर केस माझ्यासारखे कुरळे नकोत, झोळी कुठल्या आढ्याला बांधायची, सगळं मी ठरवून टाकलं. गोधडीच्या एका कोपऱ्यात लाल चौकोन शिवला. आयुष्यात इतकी सुखी मी नंतर कधी झाले नाही, हे माझ्या नवऱ्याला आवडलं नसतं, पण ते तसंच आहे.

पडवीच्या उंबऱ्याशी जाऊबाईंचा मुलगा उभा राहायचा. त्याचं दूध तुटलेलं होतं, म्हणून सासूबाई त्याला आईला शिवू देत नसत. तो हात पुढे करून रडायचा, त्या मागून त्याला धरून ठेवायच्या. जाऊबाई इकडून म्हणायच्या, "आले हां राजा, उद्या आले." खरं तर त्या त्याला कधीही उचलू शकत होत्या. त्यांना कसलाच विटाळ नव्हता. पण उचललं असतं तर सगळं बाहेर आलं असतं, म्हणून त्या हात मांडीखाली दाबून बसायच्या.

चौथ्या दिवशी न्हाणं झालं. ओल्या केसांनी त्या उंबरा ओलांडून आत आल्या, तसा तो पोरगा धावत आला आणि त्यांच्या पायांना त्याने अशी मिठी मारली की आम्हा दोघींना मिळूनही सोडवेना. त्याला उचलायला त्या वाकल्या आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन भिंतीला धरून खाली बसल्या. चेहरा पांढराफटक. तो मात्र खुशीत, आईच्या ओल्या केसांत तोंड खुपसून. मी तिथेच उभी होते. पुढे जे व्हायचं ते झालं असतं, तर हे पोर कुठल्या उंबऱ्याशी उभं राहिलं असतं? आणि "उद्या आले" असं त्याला कोण म्हणालं असतं? मी?

दुपारी भांडी घासताना मी म्हणाले, "नको वहिनी. मला नको."

"विचार करून बोल धाकटे. मी पुन्हा विचारणार नाही."

"केला विचार. सिस्टरला सांगा."

घराबाहेर पडायला निमित्त हवं होतं. ते माझंच निघालं. मूल व्हावं म्हणून गणपतीला नवस बोलायचा आहे, मोठ्या जाऊबाईंना सोबत नेते, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतः नारळ निवडून, हलवून, आतलं पाणी ऐकून माझ्या पिशवीत घातला. त्या क्षणी त्यांचा राग करायचं मला जमलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी जाऊबाईंची जुनी हकिकत ऐकली आणि सही मागितली. जाऊबाईंनी मागे वळून पाहिलं, जणू ज्याची सही हवी तो मागे उभा असेल. मग स्वतःच सावकाश, एकेक अक्षर जोडत केली. त्या घरात त्यांची सही कुणाला कधी लागली नव्हती.

सिस्टर दारापर्यंत आली आणि थांबली. "मैं अंदर नहीं आएगी. हमारे चर्च में ये पाप है. मैं ये टेबल पर ड्यूटी भी नहीं लेती."

"मग रस्ता का दाखवलात?" मी विचारलं. घाबरले होते, म्हणून आवाज चढला.

"मेरा अम्मा बच्चा जनते-जनते गया," ती म्हणाली. "फादर ने बहुत अच्छा प्रार्थना किया. पर अम्मा तो गया ना."

बाकावर ती माझ्याशेजारी बसली आणि जपमाळ ओढू लागली. माझ्या मांडीवर नारळाची पिशवी. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "किसके लिए कर रही हो?"

"तीनों के लिए."

एक जाऊबाई, एक ती स्वतः; तिसरी मी की ते पोटातलं, हे मी विचारलं नाही. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले. तिने मला रडू दिलं आणि एका हाताने मणी ओढत राहिली.

जाऊबाई वाचल्या. चांगल्या म्हाताऱ्या झाल्या. त्यांच्या मुलींनी नोकऱ्या केल्या, सुनेने आल्या महिन्यातच पडवीत बसायला साफ नकार दिला, आणि सासूबाई चार दिवस बडबडून पाचव्या दिवशी तिच्या हातचे पोहे खाऊ लागल्या. सिस्टर गावी परत गेली. आताच्या मुली नवऱ्याला घेऊन डॉक्टरकडे जातात, नि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटत नाही. ऐकून मला बरं वाटतं. मला मूल झालं नाही. उंबऱ्याशी रडणारा तो पोरगा मला "छोटी आई" म्हणतो, सणावाराला पाया पडतो, आणि आई होती तोवर मग तिच्याशेजारी जाऊन बसायचा.

गेल्या वर्षी जाऊबाई अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी त्यांचे केस विंचरत होते, तर माझा हात धरून म्हणाल्या, "धाकटे, तू ठेव म्हणाली असतीस, तर मी ठेवलं असतं गं."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. "म्हणूनच नाही म्हणाले."

"मग वाईट वाटतं का अजून?"

मेलेल्या माणसाशी खोटं बोलता येत नाही, आणि जाणाऱ्याशी तर मुळीच नाही. "वाटतं," मी म्हणाले, "रोज वाटतं." त्यांनी माझा हात सोडला नाही. मीही उठले नाही. आठ दिवसांनी त्या गेल्या. आता घरात मी एकटी असते तेव्हा कधी त्यांना हाक मारते, आणि कधी जिला नावही ठेवलं नव्हतं तिला. मला दोघीही हव्या होत्या. अजून हव्या आहेत.