रेंज नव्हती

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आज तुमच्याशी बोलतेय — कुठून सुरुवात करू?

सुलोचनापासूनच करते. ती माझी धाकटी जाऊ. चामोर्शीजवळच्या आमच्या गावात मी अंगणवाडी सेविका, ती मजुरीला जाणारी. घरी बसून बीए करायचं, हा तिचाच हट्ट. तिला अंगणवाडीची पर्यवेक्षिका व्हायचं होतं. त्याला पदवी लागते, आणि तिची वयाची मुदत संपत आली होती. तिच्या नादानं मीही नाव घातलं.

काय सांगू तिचं! रोवणीत बायका रांगेनं वाकलेल्या, पोटरीभर चिखल — आणि ही धान रोवत, मागं सरकत, आदल्या रात्री वाचलेला धडा सांगायची. आधी बायका हसल्या. मग त्याच विचारू लागल्या, "वो सुलोचना, त्या फ्रान्सच्या राजाचं काय झालं? सांग ना समोरची गोष्ट." राजाचं डोकं उडवलं म्हटल्यावर एक म्हातारी कंबर सरळ करून म्हणाली, "बरं केलं!" बांधावर उभ्या माझ्या अंगावर काटा आला. पुस्तक माझ्याकडंही तेच होतं ना? मला त्यात नुसती अक्षरं का दिसायची?

फोन मात्र एकट्या माझ्याकडं. अर्जात दोघींचा नंबर तोच. रेंज मिळायची फक्त तलावाच्या पाळीवर. शेवटच्या वर्षी रोज संध्याकाळी ती विचारायची, "बाई, आला का परीक्षेचा मेसेज?"

आला होता. माझा अभ्यास शून्य होता. मजुरीवाली पास अन् सेविकाबाई नापास — गाव काय म्हणेल? मी — मी तो पुसून टाकला. परीक्षा होऊन गेल्यावर म्हटलं, रेंज नव्हती, मेसेज आलाच नाही. आमच्या भागात या कारणावर कोण शंका घेतं?

ती म्हणाली, "जाऊ द्या बाई. एक साल भेटला त तुमचा बी अभ्यास पक्का होऊन जाईन." आणि खरंच, वर्षभर चुलीपुढं बसवून तिनं मला शिकवलं. कुठून आणलं असेल एवढं मोठं मन? मला अजून कळलेलं नाही. पुढच्या वर्षी दोघी पास झालो.

पण पर्यवेक्षिकेची भरती मधल्या वर्षीच होऊन गेली होती. पुन्हा निघाली तेव्हा तिचं वय उलटलेलं. सेविकांना बढतीत वयाची सूट असते. पर्यवेक्षिका मी झाले.

बातमी कळली तशी ती धानाच्या बांधीतून चिखलाच्या पायांनीच धावत आली. मला मिठी मारून रडली. म्हणाली, "आपल्या दोघीतून एक त झाली ना वो बाई!"

तेव्हा सांगता आलं असतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.